आठवड्याची वाटणी

रविवारी सकाळी नऊला उपासना आणि रविवारी सकाळी नऊलाच टेनिस बॉल क्रिकेटचा उपांत्य सामना, हा पेच महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळीला नवा नाही. तरुण संघाच्या बैठकीत तो निघतो, वडीलवर्गाच्या बैठकीत जरा कडक सुरात निघतो आणि घरोघरी जेवायच्या वेळी तर निघतोच निघतो. त्याच्या पाठोपाठ पैशाचा प्रश्न येतो. सुवार्ताकार्याच्या निधीचं पाकीट घरात येतं, त्याच आठवड्यात मुलीला गिटारच्या क्लासची फी भरायची असते, मुलाला बूट हवे असतात आणि मे महिन्यात चार दिवस कोकणात जायचं कधीचं ठरलेलं असतं. पाकिटात किती घालायचं हे मग उपासनेला निघताना, चपला घालता घालता ठरतं.

हे पुस्तक या पेचाबद्दल आहे. मंडळीला द्यायचा वेळ, मिशनला द्यायचा पैसा आणि खेळ, गाणं, वाचन, भटकंती, बागकाम असा आपला विरंगुळा, या सगळ्यांची वाटणी एका घरात कशी करावी याविषयी वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या माणसांनी यात लिहिलं आहे. त्यांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत वाचावेत. ते मी आधीच सांगून टाकणार नाही. हा प्रश्न किती जुना आहे आणि तो ज्यांनी जिवाला लावून घेतला त्यांनी त्याची काय उत्तरं दिली, एवढंच प्रस्तावनेत मांडतो.

सुरुवात पवित्र शास्त्रापासूनच करावी लागेल, कारण दशमांशावरच्या प्रवचनांत एक उतारा सहसा घेतला जात नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितलं आहे की दरवर्षी पिकाचा दहावा भाग बाजूला काढा आणि तो घेऊन देवाने निवडलेल्या ठिकाणी जा. वाट लांबची असेल तर धान्य विकून पैसा गाठीला बांधा. तिथे पोहोचलात की त्या पैशातून मनाला येईल ते विकत घ्या, बैल, मेंढरू, द्राक्षारस, आणि सगळ्या घरादारासह देवासमोर बसून आनंदाने जेवा. गावातल्या लेव्याला मात्र विसरू नका. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा आणि त्यातून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवायचं. म्हणजे ज्या नियमावर आपण दानाची शिस्त उभी करतो, त्या नियमातच सणाचं जेवण आहे, कुटुंबाचा प्रवास आहे आणि गरिबाचा वाटाही आहे. देवाला दिलेलं आणि आपण आनंदात खर्चलेलं यांच्या दोन वेगळ्या वह्या तिथे नाहीत. आपल्याकडे या दोन वह्या कधी झाल्या कोण जाणे, पण झाल्या आणि त्यांचा हिशेब जुळेनासा झाला.

त्या वेगळ्या झाल्या की काही माणसं एक वही फाडूनच टाकतात. सी. टी. स्टड हे त्यातलं सगळ्यात ठळक नाव. वडील एडवर्ड स्टड यांनी बिहारच्या तिरहुत भागात निळीच्या मळ्यांवर अमाप पैसा केला आणि इंग्लंडला परतून शर्यतीचे घोडे पाळले. पुढे सुवार्तिक मूडींची प्रवचनं ऐकून त्यांनी शर्यती सोडल्या. मुलगा चार्ल्स इंग्लंडच्या क्रिकेट संघात गेला. १८८२ च्या ओव्हल कसोटीत इंग्लंड सात धावांनी हरलं आणि ‘अ‍ॅशेस’ची कथा जन्माला आली, त्या सामन्यात शेवटी नाबाद राहिलेला फलंदाज तोच. १८८५ मध्ये तो केंब्रिजच्या सात तरुणांपैकी एक म्हणून चीनला गेला. पुढे वारशाने आलेले सुमारे २९,००० पौंड त्याने वाटून टाकले. त्यातले ५,००० भारतातल्या मुक्तिफौजेच्या कामासाठी आले. हे देणं पाहून मान लवते आणि लवायलाच हवी. पण स्टड यांची पुढची वर्षंही वाचली पाहिजेत. काँगोत ते दिवसाचे सोळा-सोळा, अठरा-अठरा तास राबले आणि आपल्या सहकाऱ्यांनीही तसंच राबावं असा त्यांचा आग्रह राहिला. विश्रांती त्यांना कमकुवतपणा वाटे. माणसं दुरावली, घरचीही दुरावली. पत्नी प्रिसिला इंग्लंडमध्ये राहून मिशनचं काम चालवत होत्या. शेवटच्या तेरा-चौदा वर्षांत नवरा-बायकोची भेट जेमतेम एकदा, तीही थोड्या दिवसांची. १९३१ मध्ये काँगोतच स्टड वारले. त्यांच्या त्यागाचं मोल मी कमी करत नाही. पण ज्याला स्वतःला विसावा नको असतो, तो हळूहळू दुसऱ्याचाही विसावा काढून घेतो, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते आणि ती मंडळ्यांमध्ये आजही घडते.

जॉन वेस्ली यांचंही असंच. ऑक्सफर्डला असताना वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा ते २८ मध्ये भागवत आणि २ देऊन टाकत. मिळकत दुप्पट झाली तरी खर्च २८ च राहिला आणि दान ३२ वर गेलं. दात्यांना शिकवायला याहून चांगला धडा नाही. याच वेस्लींनी १७४८ मध्ये किंग्जवूडला शाळा काढली आणि नियम केला की मुलांना सुट्टी नाही आणि कुठल्याही दिवशी खेळ नाही. स्वतःच्या खिशाला लावलेली शिस्त त्यांनी पोरांच्या खेळालाही लावली. पहिली अनुकरणीय आहे. दुसरी चूक होती, असं मी स्पष्ट म्हणतो.

एरिक लिडेल यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, निदान तिचा पूर्वार्ध. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. लिडेल स्कॉटलंडचे, शंभर मीटरचं पदक मिळवतील अशी सगळ्यांची अपेक्षा. वेळापत्रक हाती आलं तेव्हाच, काही महिने आधी, त्यांनी सांगून टाकलं की रविवारी धावणार नाही. मग त्यांनी चारशे मीटरची तयारी केली आणि ११ जुलैला ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. पुढच्याच वर्षी ते मिशनरी म्हणून चीनला गेले. रविवारच्या क्रिकेटविरुद्ध बोलताना आपले पाळक हमखास हे उदाहरण देतात आणि ते देण्यासारखं आहेच.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी चीनमधल्या परदेशी लोकांना छावण्यांत कोंडलं. लिडेल १९४३ पासून वेइशियनच्या छावणीत होते. भिंतींच्या आत दीड हजारांच्या आसपास माणसं आणि त्यात मिशनरी शाळेतली कितीतरी मुलं, ज्यांचे आईबाप चीनच्या दुसऱ्या टोकाला किंवा परदेशात. लिडेल त्यांना विज्ञान शिकवत, संध्याकाळी त्यांचे खेळ घेत, मोडलेल्या हॉकी स्टिक्स चादरी फाडून त्या पट्ट्यांनी बांधून देत. रविवारी मात्र खेळ बंद, कारण ते रविवार पाळणारे. मोठी मुलं कुरकुरली आणि एका रविवारी त्यांनी आपणच मैदानावर सामना लावला. पंच नव्हता, त्यामुळे सामना मारामारीत संपला. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः मैदानावर आले आणि पंच म्हणून उभे राहिले.

ऑलिंपिकचं पदक गेलं तरी चालेल पण रविवारी धावणार नाही म्हणणारा माणूस रविवारी शिट्टी घेऊन उभा राहिला, हे मला त्यांच्या सुवर्णपदकापेक्षा मोठं वाटतं. त्यांनी आपलं मत बदललं असं कुठे दिसत नाही. स्वतःसाठी त्यांनी रविवार तसाच पाळला असता. पण आईबापांवाचून कोंडलेल्या, भुकेल्या, चिडलेल्या मुलांना त्या दुपारी काय हवं होतं हे त्यांनी पाहिलं. पॅरिसमध्ये त्यांनी जे सोडलं ते स्वतःचं होतं. वेइशियनमध्ये सोडायचं ते मुलांचं होतं आणि ते सोडायला लावण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना कळलं. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, सुटकेच्या काही महिने आधी, मेंदूतल्या गाठीने ते त्याच छावणीत गेले. वय ४३. लिडेल यांचं उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं द्यावं, एवढीच विनंती.

आता विल्यम केरी यांच्याकडे येऊ, कारण मला स्वतःला त्यांचं उत्तर सर्वांत जवळचं वाटतं आणि मराठी माणसाचा त्यांच्याशी धागाही आहे. २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावी एका विधवेच्या घरात काही पाळक जमले आणि परदेशी कार्यासाठी वर्गणीचे आकडे त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहिले. चिठ्ठ्या तपकिरीच्या डबीत गोळा झाल्या. बेरीज १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. आधुनिक प्रोटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ पुष्कळ जण या डबीपासून धरतात. देणारे श्रीमंत नव्हते आणि केरी तर चांभारकाम करून पोट भरलेला माणूस. पुढे बंगालमधल्या श्रीरामपुरात त्यांनी, मार्शमन यांनी आणि वॉर्ड यांनी आपापली कमाई एकत्र ठेवायचा नियम केला. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवून केरींना महिना ५०० आणि पुढे १,००० रुपये मिळू लागले, तेव्हाही घरखर्चापुरतं ठेवून बाकी सगळं त्या सामाईक पेटीत गेलं. वैजनाथ पंडितांच्या साह्याने त्यांनी मराठी शिकवली, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश.

इतकं सगळं करणाऱ्या माणसाला विरंगुळ्याला वेळ कुठला, असं वाटेल. केरींना बागेचं वेड होतं. श्रीरामपूरला त्यांनी काही एकरांची बाग उभी केली. इंग्लंडहून मित्रांकडे ते बिया मागवत, इथल्या बिया तिकडे पाठवत, आणि पहाटे कामाला बसण्याआधी बागेत एक चक्कर ठरलेली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांचे ग्रंथ त्यांनी संपादित करून छापले आणि १८२० मध्ये शेती व बागकामासाठी कलकत्त्यात संस्था काढली. रॉक्सबर्ग यांनी एका भारतीय झाडाच्या प्रजातीला केरींचं नाव दिलं, ‘केरिया’. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे झाड चांगलं ओळखीचं आहे. आपण त्याला कुंभा म्हणतो. पानगळीच्या आधी तांबडी होणारी मोठी पानं, उन्हाळ्याच्या तोंडाला येणारी पांढरी-गुलाबी पुंकेसरांची भरघोस फुलं, हिरवी गोल फळं, आणि वणव्यातही तग धरणारी जाड साल. मंडळीची तरुण पोरं रविवारची उपासना आटोपून दुपारी डोंगरावर जातात तेव्हा त्यांना हे झाड दाखवावं. सुवार्तेसाठी सगळी कमाई देऊन टाकलेल्या माणसाच्या छंदाची ती खूण आहे.

केरींनी बाग चोरून केली नाही आणि मिशनच्या कामाच्या आड ती येते असं त्यांना वाटलं नाही. पैशाचा वाटा त्यांनी आधीच, सगळ्यांसमोर, कायमचा ठरवून टाकला होता. त्यामुळे बागेतल्या तासाचा हिशेब मनाला टोचायचं कारण उरलं नाही.

आपल्या देशात हे सगळ्यात सहज कुणी केलं असेल तर मिझो लोकांनी. १८९४ च्या जानेवारीत लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी सैरांगला पोहोचले. त्यानंतर जेमतेम पंधरा-सोळा वर्षांत, १९१० च्या सुमारास, मिझो बायकांनी एक प्रथा सुरू केली. सकाळ-संध्याकाळ भातासाठी तांदूळ मोजून घेतले की त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. भांडं भरलं की मंडळीतल्या बायका येऊन तो तांदूळ गोळा करणार, तो विकला जाणार आणि पैसा मंडळीच्या आणि सुवार्तेच्या कामाला लागणार. तिला ते ‘बुहफाई थाम’ म्हणतात. प्रथा नवी असतानाच, १९११-१२ मध्ये, बांबू फुलला, उंदीर माजले, पिकं फस्त झाली आणि दुष्काळ पडला. मूठ तरीही निघत राहिली. आज मिझोरमच्या मंडळ्या देशभर आणि देशाबाहेरही आपले मिशनरी स्वतःच्या पैशाने पाठवतात आणि त्यात या मुठींचा मोठा हिस्सा आहे.

मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी खेड्यापाड्यांतल्या आयाबायांनी मुष्टिफंडाचं धान्य दिलं, हे आपण जाणतो. मिझो प्रथेतली मला भावलेली गोष्ट ही, की मूठ तिची होती. घरातला पैसा नवऱ्याच्या हाती, पण तांदळाचं माप तिच्या हाती. जे आपल्या हातात आहे त्यातून तिने दिलं. कुणी तिच्या वतीने दिलं नाही.

त्याच मिझोरमची दुसरी बाजूही पाहा. आयझॉलमध्ये रविवारी दुकानं बंद, रस्ते शांत. आणि बाकीचे दिवस? गल्लोगल्ली गिटार आणि फुटबॉल. २०१६-१७ च्या हंगामात आयझॉल एफसीने आय-लीग जिंकली, ईशान्येकडच्या संघाने मिळवलेलं ते पहिलं विजेतेपद. हे आपोआप झालेलं नाही. १५ जून १९३५ रोजी तिथे तरुणांची जी संघटना निघाली आणि जी आज ‘यंग मिझो असोसिएशन’ म्हणून घराघरांत आहे, तिने स्थापनेच्या वेळी तीन उद्दिष्टं ठरवली. मिझो समाजाची प्रगती आणि ख्रिस्ती जीवनमूल्यांचा आदर ही दोन अपेक्षित होती. पण यादीत पहिलं होतं फावल्या वेळेचा चांगला उपयोग. आपल्या किती तरुण संघांच्या घटनेत फावल्या वेळेचा उल्लेख तरी आहे? आपण तरुणांचा मोकळा वेळ एकतर कार्यक्रमांनी भरून टाकतो, नाहीतर त्याकडे संशयाने पाहतो. मिझो समाजाने त्याला उद्दिष्टांत जागा दिली.

घरातली वाटणी कुणाच्या पदरातून होते, हा प्रश्न मराठी मंडळीला लक्ष्मीबाई टिळकांनी केव्हाच विचारून ठेवला आहे. रेव्हरंड टिळक फुलामुलांचे कवी. नगरच्या त्यांच्या घरात बालकवींसारख्या मुलाला आसरा होता, कविता होती, पाहुण्यांची वर्दळ होती. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, पण उद्याचा स्वयंपाक कशाचा करायचा ही काळजी त्या उदार घरात एकाच माणसाला होती. आजही मंडळीच्या प्रीतिभोजनाची भांडी उशिरापर्यंत कोण घासतं आणि घरगुती प्रार्थनेला आलेल्या चाळीस जणांचा चहा कोण करतं, हे पाहिलं की कुणाची संध्याकाळ सेवेत गेली ते कळतं. तिच्या विरंगुळ्याची गोष्ट कुणी काढत नाही. या पुस्तकात दोन लेख अशा बायकांचे आहेत. ते सगळ्यात आधी वाचावेत.

आपल्याकडे या दोन्ही वह्या एक झालेला एक दिवस मात्र अजून टिकून आहे, तो म्हणजे कापणीच्या उपकारस्तुतीचा रविवार. वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, लाल भोपळे, केळीचा घड, टोपलीत अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की आवारात लिलाव. कुणा आजीने परसातली मेथीची जुडी आणलेली असते. दहापासून बोली सुरू होते. शाळामास्तर वीस म्हणतात, रिक्षावाला पन्नास, मुंबईहून आलेला भाचा शंभर. जुडी दीडशेला जाते आणि घेणारा ती तिथेच परत देतो, पुन्हा लिलावाला. आजी पदराने तोंड झाकून हसत असते. पोरं कोंबडीभोवती गोळा. दुपारी सगळ्यांचं जेवण, मग बायकांची संगीत खुर्ची, पोरांचा क्रिकेटचा डाव. त्या दिवशी दान कुठे संपलं आणि मौज कुठे सुरू झाली हे कुणाला सांगता येणार नाही. अनुवादातल्या त्या जेवणाची याहून जवळची आवृत्ती मी पाहिलेली नाही.

एरवीच्या आठवड्याचं चित्र वेगळं आहे. बुधवारी घरगुती प्रार्थना, शुक्रवारी उपवास प्रार्थना, शनिवारी गायकमंडळाचा सराव आणि तरुण संघ, रविवारी शब्बाथशाळा, उपासना, मग समितीची बैठक. एखाद्या मंडळीत ही सगळी कामं चार-पाच कुटुंबंच ओढत असतात. त्यांची मुलं मोठी होऊन मंडळीपासून दूर गेली की आपण जगाला दोष देतो. बाप रविवारी कधीच आपल्याबरोबर खेळला नाही, हे त्या मुलाला आठवत असतं. उलट बाजूही तितकीच खरी. टर्फच्या बुकिंगचे पैसे, मल्टिप्लेक्स, दर महिन्याला खात्यातून आपोआप जाणारी ओटीटीची वर्गणी, हे सगळं न चुकता भरणाऱ्या घरात सुवार्ताकार्याचं पाकीट मात्र उरलेल्या सुट्ट्या नोटांवर भागतं. दोन्हीकडे दुखणं एकच आहे. वाटा आधी ठरवलेला नाही, घरात सगळ्यांनी बसून तर मुळीच नाही. न ठरवता दिलेलं मनाला डाचतं आणि न ठरवता उडवलेलंही डाचतं. खुशीने देणारा देवाला आवडतो असं पौलाने करिंथकरांना लिहिलं, तेव्हा ज्याने त्याने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, हेही त्याच वाक्यात लिहिलं होतं.

सगळ्यांना लागू पडेल असा टक्का या पुस्तकात कुणी सांगितलेला नाही आणि मीही सांगणार नाही. दोन मुलांच्या शिक्षणाचं कर्ज फेडणाऱ्या घराचा वाटा आणि निवृत्तिवेतनावर सुखी असलेल्या जोडप्याचा वाटा एक असू शकत नाही. ज्या घरी आजारी माणूस आहे तिथे या वर्षी मिशनला पैशाऐवजी फक्त प्रार्थना जाईल, आणि मंडळीने ती तितक्याच आदराने घ्यावी.

वाचकांना सांगणं एवढंच, की हे पुस्तक एकट्याने वाचून कपाटात ठेवू नका. महिन्याचा पगार हाती येईल त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी, लहान मुलांनीसुद्धा, एकत्र बसा. मिशनला किती, सहलीला किती, कुणाला कुठल्या दिवशी खेळायला किंवा नुसतं पडून राहायला मोकळीक, हे बोलून ठरवा आणि कागदावर लिहा. वडीलवर्गालाही माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वर्षाची कार्यक्रमपत्रिका छापाल तेव्हा आठवड्यातली एक संध्याकाळ मंडळीने स्वतःसाठी मागू नये. ती कोरी ठेवा, आणि ती कोरी का ठेवली आहे हे उपासनेत सगळ्यांना सांगा.